चुका काढण्याचं हत्यार

स्वयंपाकघर नव्यानं करायचं ठरलं, तेव्हा पहिली कुऱ्हाड आजोबांच्या मांडणीवर पडणार हे उघड होतं. मीच म्हटलं, कुऱ्हाड नको, हातोडा पुरे. मांडणी तोडायची नाही, सोडवायची. फळ्या जपून ठेवू, पुढेमागे काहीतरी होईल त्यांचं. या एका उदार वाक्यापायी माझा अख्खा रविवार गेला, डाव्या हाताचा अंगठा गेला (म्हणजे आहे, पण जांभळा आहे) आणि मेस्त्रींच्या लेखी माझी जी काही थोडीफार पत होती, तीही गेली.

मांडणी तशी साधीच. सागवानाचे दोन उभे खांब आणि त्यांवर ठोकलेल्या तीन फळ्या. खांब वाड्यातल्या एका मोडक्या तुळईतून काढलेले, फळ्या हापूसच्या पेट्यांच्या. पेटीची फळी पातळ, म्हणून दोन-दोन एकावर एक ठोकलेल्या. मधल्या फळीच्या पोटाशी अजून ‘त्नागि’ एवढी अक्षरं वाचता येतात. आधीचा ‘र’ आणि नंतरचा ‘री’ करवतीखाली गेले. नारायण पेठेतला वाडा पाडला तेव्हा ही मांडणी चौघांच्या खांद्यावरून जिना उतरली आणि टेम्पोत चढली. ती सुटी करून का आणली नाही, असा प्रश्न मला तेव्हा पडला नव्हता. रविवारी सकाळी दहा वाजता त्याचं उत्तर मिळालं.

आमच्या घरात हातोडा एकच. पुढून सपाट, मागून दुभंगलेला. दुकानदार त्याला क्लॉ हॅमर म्हणतो. आजोबा म्हणायचे, शिंगवाला. मी शिंगं पहिल्या खिळ्याच्या माथ्याखाली सरकवायला गेलो, तर माथा लाकडात इतका रुतलेला की शिंगांना धरायला काही नाहीच. जरा खरवडून जागा केली, शिंगं घुसवली, दांड्यावर जोर दिला. शिंगं सटकली आणि हातोड्याचं डोकं भिंतीवर. गिलाव्याचा रुपयाएवढा पोपडा खाली. पुन्हा शिंगं, पुन्हा जोर. या खेपेला खिळ्याचा माथा दोन दोरे वर आला आणि एखाद्या म्हाताऱ्यानं हाक आली म्हणून मान वळवावी तसा बाजूला वळला. मग तो काही केल्या वर येईना. नुसता मान वळवून माझ्याकडे बघत राहिला.

बाहेरून बायकोनं विचारलं, “अहो, काढताय की ठोकताय?”

आवाजावरून खरंच कळत नव्हतं.

मी खाली बसलो आणि हातोडा उलटसुलट करून पाहिला. माझं ठाम मत झालं आहे की माणसानं या हत्याराच्या पुढच्या बाजूवर जेवढं डोकं चालवलं, त्याच्या निम्मंही मागच्या बाजूवर चालवलेलं नाही. पुढची बाजू बघा. काय तिची झळाळी, काय तिच्या कडेचा तो किंचित उतार. वर्तमानपत्रातही हातोडा नेहमी पुढूनच पडतो, अनधिकृत बांधकामांवर. ‘महापालिकेनं शिंगं लावली’ असं कोणी छापत नाही. मागची बाजू म्हणजे ओतताना उरलेलं लोखंड दुभागून वाकवलं आहे, अशी. रोमन लोकांकडेही असे मागे शिंगं असलेले हातोडे होते. म्हणजे गेली दोनेक हजार वर्षं ही शिंगं जवळजवळ आहे तशीच आहेत. एवढ्या काळात बैलाच्या शिंगांनासुद्धा रंग आले, गोंडे आले.

आता हिशेबाचं बोलू, कारण मी त्या दिवशी वहीवर हिशेब केला. अर्ध्या किलोचं डोकं सेकंदाला 6 मीटर वेगानं आलं आणि त्यानं खिळा 5 मिलिमीटर आत घातला, तर खिळ्यावर सरासरी 180 किलोचा जोर पडला असं निघतं. हा पराक्रम मी एका हातानं, क्रिकेटच्या स्कोअरची चौकशी करत करू शकतो. उपटताना तरफ. दांडा 30 सेंटिमीटर, टेकूपासून खिळा 3 सेंटिमीटर, म्हणजे दसपट. मी 18 किलोनं ओढलं की खिळ्याला तेच 180 किलो. कागदावर दोन्ही बाजू सारख्या निघाल्या. पण मांडणी कागदावर नव्हती.

गोम अशी आहे की खिळा सरळ गेलेला असतो आणि त्याला सरळच यायचं असतं. हातोडा मात्र आपल्या पाठीच्या बाकावर गडगडत मागे जातो. शिंगांचं टोक गोल फिरतं आणि खिळ्यालाही आपल्याबरोबर त्या गोलाईत ओढतं. सुरुवातीला टेकू खिळ्याच्या अगदी जवळ असतो म्हणून ताकद भरपूर. डोकं मागे गडगडलं की टेकू लांब जातो आणि ताकद घटते. यात निसर्गानं, किंवा लोहारानं, थोडी दया केलेली आहे. खिळा जसजसा वर येतो तसतसा त्याचा लाकडात रुतलेला भाग कमी होतो, मग त्याला ताकदही कमीच लागते. घट्ट असतो तो पहिल्या क्षणी. माझं आणि त्या खिळ्याचं नातं त्या पहिल्या क्षणापुढे गेलंच नाही.

लाकूड खिळा धरतं म्हणजे काय करतं? खिळा घुसताना तंतू बाजूला सारतो, काही वाकवतो, काही तोडतो. ते तंतू मग त्याला चहूबाजूंनी दाबून बसतात. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसनला फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरी म्हणून सरकारी प्रयोगशाळा आहे, 1910 पासूनची. तिथल्या लोकांनी खिळे ठोकून आणि उपटून याचं सूत्रच मांडलं आहे. खिळ्याची जाडी आणि खोली यांच्या प्रमाणात पकड वाढते, हे कोणीही सांगेल. पण लाकडाच्या घनतेचा हिशेब वेगळा आहे. घनता दुप्पट झाली तर पकड दुप्पट होत नाही, साडेपाचपटीच्या वर जाते. ओल्या लाकडात ठोकलेला खिळा लाकूड सुकलं की सैल पडतो, हेही तिथे नोंदलेलं आहे. आजोबांनी खिळे ठोकले ते कैक वर्षं माळ्याचा भार वाहून कडकडीत सुकलेल्या सागवानात. वर साठ वर्षांचा गंज. पेटीची फळी बिचारी कधीच सोडायला तयार होती, धरून बसला होता तो खांब.

बाराच्या सुमारास मी शोध लावायला सुरुवात केली.

पहिला शोध असा, की हातोड्याला एक सोडून दोन शिंगजोड्या असाव्यात, एकीच्या वर दुसरी. खालच्या जोडीनं खिळा अर्धा उचलायचा, मग वरच्या जोडीनं धरून उरलेला. म्हणजे टेकू आपोआप उंच होतो आणि खिळा वाकत नाही. वहीत छान चित्र काढलं, बाणबिण दाखवले. सातवीतल्या लेकीनं ते पाहिलं, फोनवर दोन मिनिटं बोटं फिरवली आणि मला जसंच्या तसं चित्र दाखवलं. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला अमेरिकेत असा दुमजली हातोडा पेटंट घेऊन विकायलाही आला होता. “तुझंच आहे ना हे, बाबा?” असं तिनं इतक्या निरागसपणे विचारलं की मला आधी ती थट्टा आहे हे कळलंच नाही.

दुसरा शोध, डोक्याच्या बगलेत एक खाच, म्हणजे हातोडा आडवा करून खिळा धरता येईल आणि टेकू आणखी जवळ येईल. आहे. टायटॅनियमच्या महागड्या हातोड्यांना अशी खाच असते. ते हातोडे वजनाला हलके आणि हाताला हादरा कमी देणारे. किंमत ऐकल्यावर जो हादरा बसतो, त्याचा बंदोबस्त अजून झालेला नाही.

तिसरा शोध मला स्वतःला फार आवडला होता. हातोडा बदलायचाच कशाला? खिळाच बदलू! एका खिळ्याला दोन माथे द्यायचे, थोडं अंतर सोडून. खालचा माथा फळी आवळेल, वरचा बाहेर राहील, हवं तेव्हा धरून उपटायला. लेकीनं फोन नुसता माझ्याकडे वळवला. आहे. डुप्लेक्स नेल. काँक्रीटच्या साच्यांना, तात्पुरत्या कामांना तिकडे हाच वापरतात. मग मला आठवलं, आमच्या समोर इमारत उभी राहत होती तेव्हा सेंट्रिंगचे कामगार साधाच खिळा पूर्ण न ठोकता बोटाच्या पेराएवढा बाहेर ठेवायचे. स्लॅब पक्का झाला की पहारीच्या एका हिसक्यात फळी मोकळी. दुसरा माथा विकत घ्यायचा कशाला, पहिलाच जरा कमी ठोकावा. आजोबांना हे कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी प्रत्येक खिळा असा ठोकला होता, जणू घरातली पितळी भांडी शनिवारवाड्यासारखी शत्रूपासून राखायची आहेत.

शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाला प्रत्येक कवाडावर हातभर लांबीचे नसले तरी चांगले फूटभर लांब असे 72 अणकुचीदार खिळे आहेत. नऊ गुणिले आठ. हत्तीनं डोक्यानं धडक देऊ नये म्हणून. लहानपणी आजोबा आम्हाला तिथे न्यायचे आणि मोजायला लावायचे. मी एकदा विचारलं, हे कशानं काढायचे? ते म्हणाले, “काढायचे नसतात, म्हणून तर मोजायचे.” त्यावर विचार करण्याचं माझं वय नव्हतं. आत्ता आहे, पण अंगठा ठणकतोय.

जेवण झाल्यावर मी बोहरी आळीत गेलो. वास्तविक रविवार, पण एक दुकान अर्धं शटर वर करून उघडं होतं. म्हटलं, “खिळे चांगले निघतील असा हातोडा दाखवा.” दुकानदारानं चष्मा कपाळावर नेला. “ठोकायला कसा पाहिजे ते सांगा. अडीचशे ग्रॅम, पाचशे ग्रॅम, लाकडी दांडा, पायपाचा दांडा, रबरी मूठ.” मी पुन्हा म्हटलं, काढायला. तो म्हणाला, “काढायला हातोडा कोण घेतो, साहेब? काढायला माणूस बोलावतात.”

तरी त्यानं चार हातोडे काढून दिले. मी शिंगांच्या फटीत नख घालून पाहिलं. खुबी सगळी त्या फटीत असते, हे मला तोवर कळलं होतं. फट आतल्या टोकाला अगदी बारीक होत गेली पाहिजे आणि तिच्या आतल्या कडा धारदार पाहिजेत. मग माथा नसला तरी ती खिळ्याच्या अंगालाच चावा घेऊन धरते. चारांपैकी तिघांच्या फटी अशा बोथट होत्या की त्यांनी खिळाच काय, फरसाणातला शेंगदाणाही धरला नसता. चौथ्याची बरी होती, पण त्याचं डोकं दांड्यावर डुगडुगत होतं.

हे डुगडुगणंही उपटण्याचंच पाप. ठोकताना डोकं दांड्यावर सरळ बसतं. उपटताना मात्र सगळा ताण दांडा जिथे डोक्यात शिरतो तिथे येतो आणि भोक सैल होत जातं. न्यूयॉर्क राज्यातल्या नॉर्विच गावचे लोहार डेव्हिड मेडोल यांनी 1840च्या दशकात यावर डोकं चालवलं. वाकसाचं भोक कसं खोल, लांबट असतं, तसं त्यांनी हातोड्याच्या भोकाला खाली गळा काढून दिला आणि दांड्याला धरायला जास्त जागा केली. पुढे त्यांचा मोठा कारखाना झाला. 1923 साली इलिनॉय राज्यातल्या रॉकफर्डमध्ये अर्नेस्ट एस्टविंग यांनी सुरू केलेल्या कंपनीनं तर डोकं आणि दांडा एकाच पोलादी तुकड्यातून घडवून तो प्रश्नच मोडीत काढला. या दोघांना मी मनातल्या मनात नमस्कार करतो, कारण मागच्या बाजूचं दुखणं ज्यांना दुखलं अशी माणसं थोडी.

आमच्याकडचा उपाय वेगळा. डोकं डुगडुगू लागलं की दांड्यात एक पाचर मारायची. तरी डुगडुगलं तर हातोडा रात्रभर बादलीत उभा करून ठेवायचा. लाकूड फुगतं, सकाळी हातोडा पक्का. दोन दिवसांनी लाकूड वाळतं, पुन्हा बादली. आमच्या वाड्यात न्हाणीघराच्या कोपऱ्यातल्या बादलीत कायम एक हातोडा पोहायला घातलेला असायचा, आणि सकाळी अर्धवट झोपेत आंघोळीला गेलेल्या पाहुण्याचा तांब्या त्यावर खणकन आपटायचा.

आजोबांचा खरा व्यवहार खिळ्यांशी नव्हता, चुकांशी होता. आमच्याकडे बारीक खिळ्याला चूक म्हणतात. अर्धा इंची चुका, पाऊण इंची चुका. आंब्याच्या पेटीला सगळ्या चुकाच असायच्या. एप्रिल संपता संपता रत्नागिरीहून पेटी यायची. फळ्यांच्या फटींतून पेंढा डोकावायचा आणि वास तर जिन्याच्या तोंडाशीच यायचा. आम्ही सात-आठ पोरं पेटीभोवती कोंडाळं करून बसायचो. आजोबा एक तुटक्या धारेची पटाशी आणि शिंगवाला घेऊन यायचे, धोतर सावरून पाटावर बसायचे आणि पेटी उघडायला तास लावायचे. आम्हाला आंबे हवे असायचे, त्यांना चुका. फळी तडकली तर चालेल, चूक तुटता कामा नये. एक-एक चूक पटाशीनं हलकेच उचलायची, शिंगात धरायची, काढायची, वाटीत टाकायची. वाटीत टाकल्यावर टिंग असा आवाज यायचा. आम्ही ते टिंग मोजायचो. चोविसाव्या टिंगला झाकणाची फळी सुटायची.

जुन्या काळी लोखंड मौल्यवान, त्यामुळे हा काही एकट्या आजोबांचा चिकटपणा म्हणता येणार नाही. अमेरिकेतल्या व्हर्जिनियात इंग्रज वसाहतकरी जागा सोडून जाताना घर जाळायचे आणि राखेतून खिळे वेचून न्यायचे. 1645 साली तिथल्या सभेला कायदा करावा लागला, की घर जाळू नका. घरात जेवढे खिळे लागले असतील तेवढे तुम्हाला मिळतील, आणि ते किती हे दोन तटस्थ माणसं ठरवतील. हातोड्याला शिंगं असूनही लोकांना घर पेटवणं सोपं वाटलं, यावरून त्या शिंगांची काय अवस्था असेल ते समजा. आणि ती दोन तटस्थ माणसं कुठून आणली असतील कोण जाणे. आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीच्या वादात एक मिळाला नाही.

चुका वाटीत जमल्या की आजोबांचा दुसरा अंक सुरू व्हायचा, त्या सरळ करण्याचा. आजीनं पाटा द्यायला साफ नकार दिलेला, तेव्हा हे काम परसदारच्या दगडी पायरीवर चालायचं. वाकडी चूक दगडावर ठेवायची, बाक वर करून. बाक वर असला पाहिजे, खाली असला तर ती उसळून डोळ्यात जाते. मग दोन बोटांनी माथा धरून बाकावर टिचकीएवढा घाव. लगेच चूक जराशी फिरवायची, पुन्हा टिचकी. जोरात मारलं की ती सरळ व्हायच्या आधी चपटी होते, आणि चपटी चूक लाकूड फाडते. शेवटी चूक तळव्याखाली घेऊन दगडावर लाटायची. न अडखळता गडगडली तर पास. अडखळली तर पुन्हा टिचक्या. हे मी त्यांच्याकडून शिकलो आणि आयुष्यात शिकलेल्या कौशल्यांपैकी जे आजतागायत अर्जात लिहिता आलेलं नाही, असं हे एकच.

त्यांचे डालड्याचे दोन डबे होते. एकावर चिठ्ठी, ‘चुका (नव्या)’. दुसऱ्यावर, ‘चुका (सरळ केलेल्या)’. अक्षर हिशेबनिसाचं, टपोरं, कुठेही शाई न फुटलेलं. नव्यांचा डबा जवळजवळ कधी उघडला जायचा नाही. आजी यायच्याजायच्या बायकांना सांगायची, “ह्यांचा जन्म गेला चुका सरळ करण्यात. आणि त्या तरी कोणाच्या, तर लोकांच्या!”

जर्मन चित्रकार अल्ब्रेख्त ड्यूररचं 1514 सालचं ‘मेलेंकोलिया’ हे प्रसिद्ध उत्कीर्ण चित्र तुम्ही पाहिलं असेल. पंख असलेली एक बाई गालाला मूठ टेकून बसली आहे. आजूबाजूला हातोडा, करवत, रंधा, पकड, खिळे असा सगळा पसारा पडलेला. तिच्या त्या उदासपणाचा अर्थ लावण्यात विद्वानांच्या पाच शतकांतल्या कैक पिढ्या खपल्या. मी रविवारी संध्याकाळी मांडणीसमोर नेमका त्याच मुद्रेत बसलो होतो, पंख सोडले तर. माझ्या मते बाईचा एक खिळा निघत नाहीये.

सोमवारी मेस्त्री आले. साठीचे, अंगानं किडकिडीत, कानावर पेन्सिल. मांडणीकडे बघितलं, पोपड्याकडे बघितलं, माझ्या अंगठ्याकडे बघितलं. काही बोलले नाहीत. पिशवी उघडत म्हणाले,

“साहेब, गुटका असला तर द्या.”

“अहो मेस्त्री, 2012 पासून बंदी आहे महाराष्ट्रात! आणि आमच्याकडे कोणी खातही नाही.”

“लाकडाचा, साहेब.”

लाकडाचा गुटका म्हणजे लाकडाचा छोटासा ठोकळा, चार बोटं रुंद. तो माझ्याकडे होता. तीन दिवस मी तो दाराला अडसर म्हणून लावत होतो.

त्यांनी माझा मान वळवलेला खिळा बाजूला ठेवला आणि शेजारच्या, अजून न छळलेल्या खिळ्याकडे वळले. आणि पहिली गोष्ट काय केली असेल, तर तो खिळा आत ठोकला. एकच घाव, लहानसा.

“अहो, काढायचाय ना?”

“म्हणून तर. गंज सुटायला पाहिजे.”

मग फळीच्या मागून, खालच्या अंगानं दोन ठोके. फळी आणि तिच्याबरोबर खिळाही दोन दोरे वर आले. पुन्हा पुढून फळीवर ठोका. फळी परत जागेवर बसली, खिळा मात्र वरच राहिला, माथा बाहेर. इतका वेळ जो माथा लाकडात तोंड लपवून बसला होता तो आता आपणहून बाहेर आला होता. शिंगं त्याखाली गेली. खिळा थोडा उठला आणि आता वाकणार असं मला वाटतंय न वाटतंय तोच मेस्त्रींनी हातोड्याच्या डोक्याखाली गुटका सरकवला. टेकू उंच झाला. खिळा करकरत, कुरकुरत, तरी सरळ वर आला. वरचा अर्धा काळाकुट्ट, खालचा अर्धा, जो सागवानात होता तो, जवळजवळ चकचकीत. साठ वर्षं हवा लागली नव्हती त्याला.

मी त्यांना माझी वही दाखवली. दुमजली शिंगं, बगलेतली खाच, सरकणारा टेकू, सगळी चित्रं. सरकणाऱ्या टेकूचा माझा आराखडा असा होता की हातोड्याच्या पाठीत एक पाय बसवायचा, हवा तसा खाली ओढायचा. त्यांनी वही लांब धरून नीट पाहिली, कारण चष्मा आणला नव्हता.

“चांगलं आहे,” म्हणाले. “पण हे एवढं सगळं मागं लावलं, तर पुढून ठोकायचं कसं? तोल जाईल की. हातोडा उलटाच पडेल.”

ही अडचण मला सुचली नव्हती. दोन दिवस मी मागच्या बाजूची बाजू घेऊन भांडत होतो आणि पुढच्या बाजूला विसरलो होतो. शिंगं लहान आणि साधी आहेत ती लोहाराच्या आळसापायी नाहीत, डोक्याला समोर नीट पडता यावं म्हणूनही आहेत. मेस्त्रींनी गुटका तळहातावर उडवून झेलला. माझा सरकता टेकू त्यांच्याकडे आधीपासून होता, फक्त हातोड्याला जोडलेला नव्हता, इतकंच.

अर्ध्या तासात मांडणी सुटी झाली. तेवीस खिळे सरळ निघाले. माझा तो मान वळवलेला तेवढा निघाला नाही. मेस्त्रींनी पकड लावली, पिरगाळलं, तेव्हा माथा कटकन तुटून हातात आला आणि धड खांबात राहिलं. आता? मेस्त्रींनी हातोडा सरळ केला आणि एक घाव घालून तो मुकाट आत घालवला. “वर पुट्टी मारली की कळायचं नाही,” असं म्हणून त्यांनी माझ्याकडे न बघता पुढचं माप घ्यायला टेप काढला.

बाल्कनीत फरशीचा एक तुकडा होता. मी त्यावर तेवीस खिळे घेऊन बसलो. बाक वर, टिचकी, फिरव, टिचकी. खरं तर ते फारसे वाकडे नव्हतेच, मेस्त्रींनी काढले होते. तरीही एक-एक लाटून पाहिला. मेस्त्री पाणी प्यायला बाहेर आले, थोडा वेळ बघत उभे राहिले. “नवीन आणा, साहेब,” म्हणाले. “गंजलेला खिळा परत ठोकताना मोडतो.” मला ते माहीत होतं. आजोबांनाही बहुधा माहीत असावं.

माळ्यावरून दुसरा डबा काढला. तळाशी मूठभर चुका शिल्लक होत्या, गंजून एकमेकींना चिकटलेल्या. चिठ्ठीचा कागद हात लावताच गळून पडला. खिळे आत टाकले, टिंग ऐवजी धप्प असा आवाज आला. लेकीला म्हटलं, एक नवी चिठ्ठी करून दे. ती स्केचपेन घेऊन बसली, जीभ बाहेर काढून, रंगीत चौकटबिवकट आखून. काय लिहायचं ते मी सांगायचं राहूनच गेलं. डब्यावर आता जांभळ्या अक्षरांत लिहिलं आहे, ‘पणजोबांच्या चुका’. आणि खाली, जागा उरली होती म्हणून, बारीक अक्षरांत, ‘+ बाबांच्या’.